विचारणाऱ्याचे ऋण

दिवाळीच्या आधीचे चार दिवस मुदखेडला फुलांचे असतात. एरवी हे गाव रेल्वेचे. नांदेडहून आलेली गाडी येथे थांबते आणि पुढे एक फाटा आदिलाबादकडे, तर दुसरा निजामाबादकडे निघतो. पण गावाभोवतीच्या रानात फुलांची शेती मोठी आहे, आणि सणाच्या तोंडावर ती सारी शेती जणू गावात चालत येते. ओट्याओट्यावर झेंडूची पोती रिकामी केलेली असतात, आणि घरातल्या बायका-पोरे सुईदोरा घेऊन त्या केशरी ढिगाभोवती बसलेली असतात.

अशाच एका दिवाळीत, आता काही वर्षे झाली, मी आत्याकडे गेलो होतो. आत्या पंच्याहत्तरीच्या पुढची. नजर अधू झालेली, पण सुईत दोरा स्वतःच ओवण्याचा हट्ट कायम. मी वर्तमानपत्र घेऊन खांबाला टेकलो होतो. तेवढ्यात दोन मुली आल्या. खांद्याला पिशव्या, हातात छापील कागदांचा गठ्ठा, पायांवर दिवसभराची धूळ. कोणत्याशा शिक्षणसंस्थेचे एक पथक लोकांच्या आरोग्यविषयक सवयींचा अभ्यास करीत होते, आणि त्या पथकाच्या वतीने त्या घरोघर फिरत होत्या. माणूस आजारी पडला म्हणजे काय करतो, आणि जे करायला हवे हे त्याला ठाऊक असते तेही तो का करीत नाही, असा त्या अभ्यासाचा विषय होता.

त्यांनी विचारले आणि आत्याने सांगितले. घरात माणसे किती, पाणी कोठले, मिश्री लावता का, ताप आला तर किती दिवस अंगावर काढता, आधी डॉक्टरकडे जाता की आधी देवऋषीकडे. मग आवाज खाली आणून त्या मुलींनी बायकांच्या दुखण्यांविषयी विचारले, आणि आत्याने तेही सांगितले. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. ह्या घरात माझे लहानपण गेले होते. पण आत्याने सांगितलेल्या त्यातल्या निम्म्या गोष्टी मी त्या दिवशी प्रथम ऐकत होतो.

तासाभराने मुलीने कागद मिटले. आत्याने दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाली, "तुजं झालं का माय? मग आता मी इचारते."

मुलगी हसून म्हणाली, "विचारा की, मावशी."

"कोण्या गावची तू? घरी कोण कोण हाय? सकाळपासून काय खाल्लीस?"

मुलीने सगळे सांगितले. सकाळपासून तिने काही खाल्ले नव्हते. आत्याने आतून शेव-चिवडा मागवला आणि पुढे चालू केले.

"हे कागद कोण वाचतेत?"

"आमचे सर वाचतात. मग त्याचा अहवाल होतो."

"अहवालाचं काय होतंय?"

मुलगी थांबली. दुसरी, वयाने जरा मोठी, म्हणाली, "सरकारकडे जातो, मावशी."

"सरकार वाचतंय का?"

आम्ही तिघेही हसलो. आत्या हसली नाही. ती म्हणाली, "मी हसायला म्हणून न्हाई इचारायले. घरच्या मानसाला सांगत न्हाई ते तुला सांगितले. ते कुठं गेलं, हे मला कळाया पाहिजे का न्हाई?"

त्या वेळी मला आत्याची थोडी लाज वाटली. शिकलेल्या मुली, त्यांना म्हातारी उलटतपासणी घेते आहे, असे वाटून मी विषय बदलला. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आले की, वैद्यकशास्त्राचे मोठमोठे जाणकार ज्या प्रश्नावर परिषदा भरवतात, तोच प्रश्न आत्याने झेंडू ओवता ओवता विचारला होता. माणसाच्या आयुष्यातून घेतलेले ज्ञान कोणाच्या मालकीचे? ते घेणाऱ्यावर काही ऋण राहते काय? राहत असेल, तर ते फेडायचे कोणी आणि कसे?

प्रश्न विचारणे ही आपण अगदी निरुपद्रवी गोष्ट मानतो. पण विचारण्या-विचारण्यात फरक असतो. शेजारीण विचारते तेव्हा तिलाही आपण विचारू शकतो. तेथे उसनवारी बरोबरीची असते, वाटीभर साखर द्यावी आणि वाटीभर घ्यावी. डॉक्टर विचारतो तेव्हा आपण त्याला उलट विचारीत नाही, पण त्याचे विचारणे आपल्यासाठीच असते. आपण दिलेली माहिती औषध होऊन आपल्याकडेच परत येते. संशोधकाचे विचारणे ह्या दोन्हींहून निराळे आहे. त्याला आपण उलट विचारीत नाही, आणि त्याचे विचारणे आपल्यासाठीही नसते. ते असते दुसऱ्या कोणासाठी, पुढे कधीतरी आजारी पडणाऱ्या अनोळखी माणसासाठी. आत्याने सांगितलेले दुखणे आत्याला बरे करणार नव्हते. म्हणजे जे घडले ते दान होते. फक्त ते दान आहे हे देणाऱ्यालाही सांगितलेले नव्हते आणि घेणाऱ्यालाही जाणवलेले नव्हते.

ह्यावर दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले संमतीचे: आम्ही विचारून घेतले, तिने होकार दिला, सही केली किंवा अंगठा उठवला, मग प्रश्न कोठे राहिला? दुसरे लोकहिताचे: एकीचे दुखणे समजल्याने हजार जणी वाचत असतील, तर एवढी चिकित्सा कशाला? ही दोन्ही उत्तरे खोटी नाहीत, पण त्यांनी प्रश्न संपत नाही.

संमतीचेच पाहा. संमती आवश्यक आहे, हे जगाला फार महाग पडून कळले. १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू पावली. उपचार चालू असताना तिच्या गाठीतील थोड्या पेशी तिला न विचारता काढून घेण्यात आल्या होत्या. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या, मेल्याच नाहीत. पुढे पोलिओच्या लसीच्या कामी त्या आल्या. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या गेल्या. हॅराल्ड त्सुर हाउझेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने एच. पी. व्ही. ह्या विषाणूचा आणि ह्या कर्करोगाचा संबंध दाखवला, त्याबद्दल त्याला २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या पथकाने ह्या विषाणूचा एक प्रकार हेन्रिएटाच्या पेशींतही ओळखला होता. पण आपल्या आईच्या पेशी जिवंत आहेत, हे तिच्या मुलांना कळायला १९७० नंतरची वर्षे उजाडावी लागली.

येथे संमती नव्हती, म्हणून अन्याय झाला, हे उघड आहे. पण समजा, कोणी तिला विचारले असते आणि तिने मान हलवली असती, तर तिच्या मुलांचे काहीच देणे राहिले नसते काय? संमतीने चोरी टळते. कर्ज टळत नाही. सावकाराकडून राजीखुशीने घेतलेले पैसेही फेडावेच लागतात.

लोकहिताचा युक्तिवाद अधिक अवघड आहे. तो पारखायला बाल्टिमोरला जाण्याची गरज नाही. तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, त्याच आजाराच्या निमित्ताने पारखला गेला आहे.

मराठवाड्याच्या सीमेवर, सोलापूर जिल्ह्यात बार्शी आहे. तेथील कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातील अशी ही भारतातली पहिली नोंदणी. बार्शी, परंडा आणि भूम ह्या तालुक्यांतील गावे तिने घेतली. शहरात अशी नोंदणी करणे सोपे असते; रुग्णालयांच्या वह्या चाळल्या की आकडे मिळतात. खेड्यात आजारी माणूस रुग्णालयापर्यंत येतच नाही, तर त्याचा आकडा वहीत कोठून येणार? म्हणून डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा रस्ता धरला. त्यांची माणसे गावोगाव जात, सभा घेत, ह्या रोगाची पहिली चिन्हे कोणती ते सांगत, आणि कोणाला तसे काही होते का ते विचारीत.

त्यांचे काम मोजण्याचे होते. पण काही वर्षांत असे दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या आहेत. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. नवे एवढेच होते की, कोणीतरी दारात येऊन विचारीत होते, आणि विचारण्याबरोबर काही सांगतही होते. विचारणाऱ्याने देता देता घेतले, म्हणून त्याचे ऋण जागच्या जागी थोडेफार फिटत गेले.

ह्याच पायावर पुढे मोठा अभ्यास उभा राहिला. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, तो सुरू झाला. १९८२ पर्यंत लातूरही त्याच जिल्ह्यात होते, तेव्हा ही आपल्याच घरची गोष्ट आहे. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांचे ते एकत्र काम. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह केले आणि सोडत काढून त्यांचे चार गट पाडले. एका गटातील स्त्रियांची एच. पी. व्ही. विषाणूची चाचणी करायची. दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. तिसऱ्यात सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. चौथ्या गटाची तपासणी करायची नाही. त्यांना नेहमीच्या व्यवस्थेवर सोडायचे.

हा अभ्यास म्हणजे काय होते, याची कल्पना करून पाहावी. खेड्यातल्या निरोगी बाईला सांगायचे की, तुला काही होत नाही, तरीही तू ये आणि अशी तपासणी करून घे, की जिचे नाव घेताना तुझी जाऊसुद्धा पदर तोंडाला लावते. ती शेतावर असते, तिचा नवरा परगावी असतो, सासू विचारते की धडधाकट बाई दवाखान्यात कशाला? आणि तरीही तपासणीच्या गटांतील दर दहा जणींपैकी सुमारे आठ जणी आल्या. त्या कोणाच्या शब्दावर आल्या? परदेशातल्या शास्त्रज्ञाच्या नव्हे, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांच्याही नव्हे. दारात आलेल्या आरोग्यसेविकेच्या शब्दावर आल्या. अशा संशोधनात बुद्धी लागते, पैसा लागतो, हे खरेच. पण त्याचे खरे भांडवल विश्वास असते, आणि ते भांडवल गोळा करणाऱ्यांची नावे निबंधाच्या माथ्यावर छापली जात नाहीत.

एप्रिल २००९ मध्ये ह्या अभ्यासाचे निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' ह्या नियतकालिकात आले. विषाणूची चाचणी ज्या गटात झाली, त्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ह्या कर्करोगाने ३४ मृत्यू पावल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, हे जगाला मराठवाड्यातील खेड्यांनी दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ह्या विषाणूच्या चाचणीला अग्रक्रम दिला, त्यामागे जे पुरावे होते, त्यांत ह्या खेड्यांचा वाटा मोठा आहे.

पण ते ६४?

हा प्रश्न पुढे मोठ्याने विचारला गेला. टीकाकार म्हणाले: तपासणीने हा रोग रोखता येतो हे पाश्चात्त्य देशांना कित्येक दशके ठाऊक होते, मग हजारो स्त्रियांना तपासणीवाचून ठेवून त्यांचे मृत्यू मोजण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? हेलसिंकीच्या जाहीरनाम्याने जगातील डॉक्टरांना १९६४ पासून जे बंधन घातले आहे, त्यात हे कसे बसते? दुसरी बाजू म्हणाली: श्रीमंत देशांतील पद्धतीला प्रयोगशाळा लागतात, तज्ज्ञ लागतात, त्या आमच्या खेड्यात चालेल की नाही हेच तर पाहायचे होते. शिवाय ह्या स्त्रियांच्या हातचे आम्ही काही काढून घेतले नाही. अभ्यास झाला नसता तर त्यांना जे मिळाले असते तेच मिळाले, म्हणजे काही नाही. तेव्हा चारही गटांतील स्त्रिया त्याच रोगाने गेल्या असत्या, आणि कोणी मोजलेही नसते.

मी ह्या वादावर बराच विचार केला आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकताना प्रथम मनाला चीड येते, पण त्यातील एक वाक्य टाळता येत नाही. कोणी मोजलेही नसते, हे खरे आहे. त्याच वर्षांत नांदेड जिल्ह्यात, लातूर जिल्ह्यात, आमच्या मुदखेडच्या गल्लीत कोणती तपासणी होत होती? आमची आत्या, तिच्या जावा, समोरच्या घरातली, अमुकच्या आईला काय झाले होते ते कोणी सांगत नाही अशी ती, ह्या सगळ्या कोणत्या गटात होत्या? त्या चौथ्याच गटात होत्या. फक्त त्यांच्या नावाची सोडत कोणी काढली नव्हती आणि त्यांचे मृत्यू कोणत्याही कोष्टकात आले नाहीत. सारा मराठवाडा, किंबहुना सारा देश, हा एक मोठा चौथा गट होता. धाराशिवच्या ६४ जणींसाठी आपण हळहळतो, कारण त्या मोजल्या गेल्या. न मोजलेल्यांसाठी हळहळायला आपल्याला आकडा सापडत नाही.

मग संशोधकांवर काहीच दोष येत नाही, असे म्हणायचे काय? नाही. येथे एक भेद केला पाहिजे. ज्याने पाहिलेच नाही त्याचा दोष एक प्रकारचा, आणि ज्याने पाहिले त्याचे कर्तव्य दुसऱ्या प्रकारचे. वाटेवर पडलेल्या माणसाला न पाहता गावचे शंभर लोक दुसऱ्या रस्त्याने गेले आणि एक जण त्याच्याजवळ वही घेऊन उभा राहिला, तर शंभरांपेक्षा तो एक वाईट ठरत नाही. पण तो त्या शंभरांसारखा मोकळाही राहत नाही. त्याच्या डोळ्यांनी त्याला बांधले आहे. 'मी नसतो तरी हेच झाले असते' हे वाक्य शंभरांना बोलता येईल. जो आहे, त्याला ते पुरत नाही.

म्हणून मला वाटते, अशा अभ्यासाचा न्याय त्याच्या आरंभावरून अर्धाच करता येतो. उरलेला अर्धा त्याच्या शेवटानंतर काय झाले यावरून करावा लागतो. हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात २००० साली एक कलम आले: अभ्यासातून जो सर्वांत चांगला उपाय सिद्ध होईल, तो अभ्यासात भाग घेतलेल्यांना अखेरीस मिळालाच पाहिजे. मला हे कलम फार जुन्या वळणाचे वाटते. आपल्याकडे माणसावर तीन ऋणे सांगितली आहेत, देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. ज्यांच्याकडून ज्ञान आले त्यांचे ते ऋषिऋण, आणि ते अध्ययनाने फेडायचे असते. पूर्वी ज्ञान रानातल्या आश्रमातून येई. आज शरीराचे, आजाराचे, सवयीचे ज्ञान येते ते ओट्यावर बसलेल्या बाईकडून. त्या हिशेबाने आमची आत्या ऋषी ठरते, आणि तिचे ऋण निबंध छापून फिटत नाही.

आता आपण हिशेब मांडून पाहू. धाराशिवचे उत्तर २००९ साली मिळाले. २०१६ साली केंद्र सरकारने ३० वर्षांवरील लोकांच्या कर्करोग-तपासणीची चौकट ठरवून दिली, तीत ह्या रोगाचा समावेश केला. आणि २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ह्या रोगासाठी कधीही तपासणी झालेल्यांचे प्रमाण १.९ टक्के आहे. शंभरांत दोघीसुद्धा नाहीत. सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांनी जे ज्ञान दिले, ते जगभर फिरून आले. आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचले नाही. ह्याचा दोष त्या पथकाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. ज्ञान एकदा सर्वांचे झाले की त्याचे ऋणही सर्वांचे होते. ते सरकारवर आहे, डॉक्टरांवर आहे, आणि हा अंक हातात घेऊन बसलेल्या कुटुंबावरही आहे. आपल्या घरातील तीस वर्षांवरील बाईला ही गोष्ट कोणी सांगितली आहे काय? कोणी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले आहे काय? नसेल, तर त्या ६४ जणींच्या खात्यावरची बाकी आपल्या घरातही आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा ह्या दोन गावांचा एक अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, आणि त्यापूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ह्याचा अर्थ असा की, दुखणे नव्हते म्हणून बायका गप्प नव्हत्या. विचारणारे नव्हते म्हणून गप्प होत्या. तेव्हा विचारणाऱ्याचे ऋण सांगताना मी विचारूच नका असे म्हणत नाही. न विचारणे हे त्याहून मोठे पाप आहे. विचारणे ही सुरुवात आहे, आणि सुरुवात केली की शेवटाची जबाबदारी येते, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या जबाबदारीचा एक भाग असा आहे की, जो पैशाने किंवा औषधाने फिटत नाही. तो मला त्या मुलीने शिकवला.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी मी पुन्हा मुदखेडला होतो. पुन्हा झेंडूचा ढीग, पुन्हा सुईदोरा. दुपारच्या गाडीने ती धाकटी मुलगी एकटीच आली. ह्या खेपेला हातात गठ्ठा नव्हता. तिचे शिक्षण संपले होते, ते पथकही पांगले होते. ती स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आली होती. आत्याने तिला ओळखले नाही, आवाजावरून ओळखले. मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही विचारलं होतं, ते कुठं गेलं म्हणून. अहवाल झाला. फार मोठा झाला. ह्या भागातल्या बायकांबद्दल त्यात एक वाक्य आहे. ते सांगायला आले."

"एकच?" आत्या म्हणाली. "आमी तर दिवसभर बोललो."

अहवाल इंग्रजीत होता. मुलीने ते वाक्य मराठीत करून सांगितले: ह्या भागातील स्त्रिया काम थांबेपर्यंत स्वतःच्या आजाराकडे दुर्लक्ष करतात.

आत्याने सुई खाली ठेवली. थोडा वेळ तिने विचार केला. मग म्हणाली, "हे चूक लिवलंय माय."

"म्हणजे?"

"आमी दुर्लक्ष करत न्हाई. दुकतंय ते दुकतंय, त्याच्याकडं लक्ष न जाऊन कसं चालंल? पर नेणारं कोणी नसतंय. काम थांबलं की घरच्याचं लक्ष जातंय, मग नेतेत. आमचं लक्ष पयल्या दिसापासूनच असतंय."

मुलीने पिशवीतून वही काढली आणि ते लिहून घेतले. तिचा हात थरथरत होता की काय, मला ठाऊक नाही. माझा थरथरला असता. शेकडो घरे फिरून, कोष्टके मांडून, विद्वानांनी वाचून जे वाक्य तयार झाले होते, ते ओट्यावर येताच बदलले. 'दुर्लक्ष करतात' आणि 'नेणारे कोणी नसते' ह्या दोन वाक्यांत दोन निराळ्या उपाययोजना आहेत. पहिल्या वाक्याने बाईला उपदेश करावा लागतो. दुसऱ्याने तिच्या नवऱ्याला, मुलाला, भाच्याला उठवावे लागते. खांबाला टेकून वर्तमानपत्र वाचणाऱ्यालासुद्धा.

तेव्हा मला कळले की, ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडे परत जाणे हा केवळ शिष्टाचार नाही. ज्ञान खरे होण्याचीच ती एक पायरी आहे. सांगणाऱ्याला दाखवले नाही, तर आपण त्याचे बोलणे नेले की आपलेच बोलणे त्याच्या नावावर लिहिले, हे कधीच कळत नाही. ऋण फेडायला गेलेली ती मुलगी परत येताना अधिक शहाणी होऊन आली. असे ऋण फेडताना पुन्हा वाढते, आणि तसेच वाढत राहावे.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली. मुलगी निघाली तेव्हा आत्याने नुकतीच पुरी झालेली माळ तिच्या पिशवीत घातली. मुलगी पैसे देऊ लागली. आत्या म्हणाली, "पैसे ऱ्हाऊ दे. पुढच्या वर्षी ये, आन् ते वाक्य नीट लिवलं का, ते सांग."

मुलगी गेल्यावर बराच वेळ आम्ही दोघे काही बोललो नाही. अंधार पडत आला होता. मग मी विचारले, "आत्या, तुला काय दुखतं?"

आत्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिले, आणि सुईत दोरा ओवायला माझ्या हातात दिला. मग ती सांगू लागली.